तुम्ही विचारलंत म्हणून: नवं इंजिन अडखळतं तेव्हा मी आधी रूळच का विचारतो

मला विजेवर चालणाऱ्या छोट्या मॉडेल रेल्वेचा छंद आहे, आणि गेली दहा-बारा वर्षं त्यातल्या इंजिनांबद्दल हा प्रश्न येतोय. बहुतेकदा रात्री नऊनंतर, फोनवर. "काका, नवीन इंजिन घेतलं, चालता चालता थांबतंय. मोटर खराब आहे का?" मी विचारतो, कुठे थांबतंय? रूळ कधी पुसलेत? सांध्यावर, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथे थांबतंय, की सपाट रुळावर? समोरचा माणूस वैतागतो. परवा एकानं सरळच विचारलं, "तुम्हाला इंजिनाबद्दल विचारलं की तुम्ही रुळांबद्दलच का बोलता? आणि उघडू नका, उघडू नका म्हणून एवढं का ओरडता?"

त्याचं काही चुकलं नाही. कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात पोरगं तासभर काचेला नाक लावून उभं राहतं, पुढे कमवायला लागल्यावर पैसे साठवून पहिलं इंजिन घेतं, आणि ते घरी आल्यावर दोन फूट चालून थांबतं. तेव्हा मी रूळ पुसायला सांगतो. राग येणारच.

रुळांबद्दलचं उत्तर सोपं आहे. आपल्या १:८७ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढ्या गाडीला वीज मिळते ती चाकाचा जेवढा बारीकसा भाग रुळाला टेकतो तेवढ्यातून. त्यात रुळावर काळपट थर, पावसाळ्यातला दमटपणा, कारखान्यात सढळ हातानं सोडलेल्या तेलाचा ओघळ. रुळाच्या धातूला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि तेही काळवंडतं. पॉलिश पेपर घासू नका, चरे पडतात आणि त्यात मळ आणखी घट्ट बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं पुरे. मग मल्टिमीटर घेऊन कंट्रोलरपासून (रुळांना वीज देणारा, वेग कमी-जास्त करणारा डबा) सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात व्होल्ट मोजा. इंजिन चालू असताना मोजा, रिकाम्या रुळावर आकडा नेहमी चांगलाच दिसतो. जवळ बारा आणि लांब नऊ आले तर दोष इंजिनाचा नाही, रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या क्लिपांचा आहे. तिथे वेगळी वायर टाका.

दुसरी खूण दिव्याची. इंजिन थांबतं त्या क्षणी पुढचा दिवा विझला तर वीज पोचत नाही. दिवा जळतोय आणि चाक थांबलंय, तर मोटर किंवा दातेरी चाकं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी हिसका बसत असेल तर दोष यांत्रिक असतो, तिथे रूळ पुसून उपयोग नाही. आणि नवं इंजिन निम्म्या वेगानं अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवू नका. गोदामात महिनोन्‌महिने पडून ग्रीस घट्ट झालेलं असतं.

एवढं सगळं मी फोनवर सांगतोच. पण 'उघडू नका' का, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२०१२ साली माझ्या भाच्यानं जर्मनीहून येताना एक इंजिन आणलं. जर्मन रेल्वेच्या ८० वर्गाचं, तीन आसांचं, तळहातावर मावणारं वाफेचं इंजिन. खरी इंजिनं १९२७पासून बांधली गेली, एकूण ३९, मोठ्या स्थानकांत डबे इकडचे तिकडे करायला. मला ते कितीतरी वर्षं हवं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा एक्याऐंशीचे होते. नोकरीची सुरुवात त्यांनी वाफेच्या इंजिनांवर केली आणि निवृत्त झाले घोरपडीच्या डिझेल शेडमधून, फिटर म्हणून. माझ्या या छंदाकडे त्यांनी कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. पण हे इंजिन पाहिल्यावर ते खुर्ची ओढून रुळांच्या टेबलाशी बसले. चष्मा पुसून त्यांनी चाकांना जोडणारे दांडे पाहिले आणि म्हणाले, "दोन्ही बाजूंचे क्रँक बरोबर नव्वद अंशांत ठेवलेत." क्रँक म्हणजे चाकाला दांडा जोडायची जागा; एका बाजूची दुसरीपेक्षा पाव फेरा पुढे असते.

पहिल्या संध्याकाळी इंजिन छान चाललं. दुसऱ्या दिवशी मी ते हळू चालवायला लागलो आणि ते सांध्यावर थांबायला लागलं. बोटानं ढकललं की पुढे जायचं. जोरात सोडलं तर निसटून जायचं, हळू सोडलं की थांबलंच. दिवाही विझायचा. सांध्यात जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो तो फ्रॉगचा तुकडा माझ्याकडे प्लॅस्टिकचा होता, त्यात वीज नसते. पण माझी बाकीची इंजिनं त्यावरून बिनतक्रार जायची. म्हणून मी ठरवलं की दोष इंजिनात आहे, आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

अण्णा म्हणाले, "थांब. उलटं ठेवून बघ आधी."

मी विचारलं, "म्हणजे?"

"तोंड फिरव त्याचं. बघ कुठे थांबतं."

मी काय म्हणालो ते मला शब्द न् शब्द आठवतं. "अण्णा, हे तुमचं शेड नाहीये. हे नाजूक काम आहे."

ते गप्प बसले. मी तळाची प्लेट काढली, चाकं बाहेर घेतली. आसांवर काळं ग्रीस दिसलं आणि मला वाटलं, सापडलं. चाकांच्या मागची बाजू नीट पुसता यावी म्हणून मी दांड्यांचे स्क्रू काढले. एक चाक आसावरून ओढून काढलं. पुसलं. परत बसवताना डोळ्यांनी अंदाज घेतला, नव्वद अंश वाटले तिथे दाबलं. सगळं जोडलं, रुळावर ठेवलं. इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि अडकलं. दांडे एकमेकांशी भांडत होते, आणि ते मला दिसत होतं. तरी मी कंट्रोलर वाढवला. का वाढवला, ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित अण्णा बघत होते म्हणून. मोटरचा आवाज चढला, कटकट असा आवाज आला आणि मग मोटर मोकळीच फिरायला लागली. मोटरच्या पितळी वर्मनं, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेल्या दांडीनं, प्लॅस्टिकच्या दातेरी चाकाचे चार दात खाल्ले होते.

अण्णा उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि बाहेर गेले. काही बोलले नाहीत.

भाच्यानं दुकानात विचारलं. उघडलेलं इंजिन वॉरंटीत येत नाही, असं त्यांनी कळवलं. ते योग्यच होतं. दातेरी चाक मिळून ते कुणाबरोबर तरी पुण्यात यायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत अण्णा खोलीच्या दारात यायचे, आत यायचे नाहीत. "झालं का ते चालू?" एवढंच विचारायचे. मी म्हणायचो, होईल.

चाक आल्यावर मी आधी अ‍ॅक्रिलिकचा एक साचा केला, ज्यात दोन्ही बाजूंचे क्रँक नव्वद अंशांतच बसतील. दोन रविवार गेले. दांडे मोकळे फिरायला लागले. मी अण्णांना हाक मारली. इंजिन रुळावर ठेवलं, डाव्या सांध्यावरून, म्हणजे डावीकडे फाटा फुटणाऱ्या, सरळ सोडलं, अगदी हळू. न थांबता गेलं. मला रडू यायच्या बेतात होतं.

अण्णा म्हणाले, "आता उलटं ठेव."

ठेवलं. त्याच सांध्यावर सरळ जाताना थांबलं. दिवा विझला.

मग त्यांनी त्याच सांध्यावरून फुटणाऱ्या वळणाच्या रुळावरून सोडायला लावलं. तिथून नीट गेलं. पुन्हा तोंड फिरवलं, तर सरळ नीट आणि वळणावर बंद. पाच मिनिटांत त्यांनी कागदावर सांध्याचं चित्र काढलं. डाव्या सांध्यावर सरळ जाताना फ्रॉग डाव्या रुळात येतो, वळताना उजव्या रुळात. तोंड फिरवल्यावर बंद पडायची जागा बदलते, म्हणजे दोष रुळाचा नाही, इंजिनाच्या एकाच बाजूचा आहे. मागच्या आसाच्या चाकांना पकडीसाठी रबरी कडी होती, ती वीज घेत नाहीत. मधल्या डाव्या चाकामागची वीज घेणारी पट्टी चाकाला टेकलेली दिसायची, पण मधला आस जरा बाजूला सरकला की सुटायची. म्हणजे त्या बाजूला वीज घेणारं चाक उरलं एकच, पुढचं. ते प्लॅस्टिकवर आलं की सगळं बंद. मी पुसलेल्या ग्रीसचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. चिमट्यानं पट्टी केसभर वाकवली, झालं.

आता तुम्ही म्हणाल, मग दोष इंजिनातच होता की. हो, होता. आणि ती पट्टी वाकवायला तळाची प्लेट काढावी लागतेच, म्हणजे उघडणंही टळणार नव्हतं. त्या वेळचा मी माझ्याशी अजून भांडतो. तो म्हणतो, मी म्हणत होतो ते खरं निघालं, दोष इंजिनातच होता. मी म्हणतो, तुला काही माहीत नव्हतं, तू अंदाज केलास आणि तो योगायोगानं जुळला. तो म्हणतो, परत पाठवलं असतं तरी भाचा दोन वर्षांतून एकदा येतो, अण्णांना थांबावंच लागलं असतं. याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणतो की, प्लेट काढणं वेगळं आणि आसावरून चाक ओढणं वेगळं.

आणि मी तुम्हाला आधी रूळ पुसायला सांगतो, ते अण्णांनी सांगितलेलंसुद्धा नव्हतं. ते रूळ म्हणाले नव्हते, इंजिनही म्हणाले नव्हते. काहीही न उघडता एकच गोष्ट बदलून बघ, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी त्याचं 'आधी रूळ' कधी केलं, कळलं नाही. रूळ पुसताना काही मोडत नाही, म्हणून असेल.

अण्णा त्यानंतर तीन वर्षं होते. रविवारी येऊन बसायचे कधी कधी, पण मी हाक मारली तरच.

परवाच्या त्या मुलाला मी शेवटी म्हटलं, रूळ राहू दे, इंजिन उलटं ठेवून बघ. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मी कालच उघडलंय." मी विचारलं, चाकं आसावरून काढलीस का? नाही, म्हणाला, फक्त प्लेट काढलीय. मग मधल्या आसाला बोटानं बाजूला सारून बघ, म्हटलं, पट्टी सुटते का. मी फोन धरून थांबलो.