पोरीचं ऑपरेशन झालं, कुत्र्यांचं काय?

पाटोद्याकडची मेंढपाळाची पोरगी, नववीतली. उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणून गावाकडं आधी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग सोनोग्राफी, आणि रिपोर्टवर नुसतं 'लिव्हर सिस्ट' एवढंच. सुई घालून पाणी काढून देतो असंही तिथं कोणीतरी म्हणालं होतं, पैसे नव्हते म्हणून राहिलं. हायडॅटिडच्या, म्हणजे कुत्र्याच्या जंतामुळं होणाऱ्या, गाठीत तयारीशिवाय सुई घातली आणि पाणी पोटात सांडलं तर रिअ‍ॅक्शन येऊन पेशंट तिथंच जाऊ शकतो, वाचला तरी पुढं पोटात जागोजागी नव्या गाठी. मेंढरामागं फिरणाऱ्या घरातलं पोर आहे, एवढं तरी विचारायला काय जातं हो?

आमच्याकडं सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तर मोठ्या गाठीत लहान लहान पिल्लं गाठी स्वच्छ दिसत होत्या. ह्या स्टेजला सुईनं पाणी काढून औषध भरायची पद्धत नीट चालत नाही, पिल्लं मागं राहतात. म्हणून आधी अल्बेंडाझोल हे जंताचं औषध चालू केलं आणि मग ऑपरेशन.

अशा केसला रिअ‍ॅक्शन आली तर हाताशी हवं म्हणून भूलवाल्या मॅडम अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन भरूनच बसतात. आम्ही लिव्हरभोवती हायपरटॉनिक, म्हणजे जास्त मिठाच्या, सलाईनमध्ये भिजवलेले मॉप, म्हणजे ऑपरेशनची फडकी, गच्च लावतो, तेही काळे, कारण पांढऱ्यावर पांढरी पिल्लं दिसत नाहीत आणि एक जरी निसटलं तरी सगळी मेहनत पाण्यात. पाणी सक्शननं ओढलं, गाठीत जंत मारायचं औषध भरून थांबलो, मग गाठ उघडून आतला पडदा उचलला. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा, चिमट्यात नीट धरला तर अख्खा येतो, आणि तो अख्खा आला की फार बरं वाटतं. शेवटी पोकळीत पांढरा मॉप दाबून धरला, पिवळा झाला तर पित्ताची नळी उघडी आहे समजायचं. कोराच निघाला.

वॉर्डात तिचे आजोबा म्हणाले, "डाक्टरसाहेब, आता मटण बंद करतो." म्हटलं बाबा, मटणानं नाही होत. मेंढरू कापल्यावर कलेजीत पाण्याचे फुगे दिसले की ती कुत्र्याला टाकता ना? त्यातून कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे जंत होतात, कुत्रं दिसायला ठणठणीत, पण विष्ठेतून अंडी पडतात, केसाला चिकटतात, आणि तोच हात पोरं तोंडात घालतात. ते जरा गप्प बसले आणि म्हणाले, "मग गोळी कुत्र्यालाबी पायजे की. लिहून द्या."

बरोबरच होतं त्यांचं. कुत्र्याला प्राझिक्वान्टेल लागतं, पण माझ्या कागदावर मी ते कुणाच्या नावानं लिहू? जनावरांच्या दवाखान्यात फोन केला तर म्हणाले कुत्री घेऊन या. मेंढरांच्या वाड्यावरची राखणीची कुत्री एसटीत घालून आणायची का? माणसाचं खातं वेगळं, जनावराचं वेगळं, आणि जंत दोघांत मजेत फिरतोय, याचा मला खरंच संताप येतो.

पोरगी बरी आहे, अल्बेंडाझोल चालू आहे, लिव्हरच्या टेस्ट नॉर्मल. तिचा धाकटा भाऊ त्याच कुत्र्यांत खेळतो. त्याची सोनोग्राफी करा म्हणून डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय, अजून आणलेला नाही.