बंदूक पाण्याने धुता? गंजत नाही का?

गणपतीला गावी आलेले चाकरमानी असोत, नाहीतर वडिलांच्या पश्चात शेतीसंरक्षणाचा परवाना नावावर झालेली वाडीतली तरुण मुलं असोत. संध्याकाळी मी पडवीत ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक, उघडून बसलो की विचारतातच, "काका, लोखंडात पाणी ओतताय? गंजणार नाही का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पाणी घातलं नाही तरच ती गंजते.

कारण दारूत आहे. काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. आजच्या काडतुसातली दारू जळून जवळजवळ सगळी वायू होते. काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग मात्र जळल्यावरही घनरूपातच उरतो. त्यातला काही धुराबरोबर जातो, बाकीचा नळीला आतून चिकटतो. हे पोटॅशियमचे क्षार, आणि ते हवेतलं पाणी ओढतात. आमच्या सिंधुदुर्गात पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, तसंच नळीत घडतं. वानरांना पळवायला नुसत्या दारूचा बार काढला, छर्रा घातलाच नाही, तरी काजळी तेवढीच धरते.

हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून न धुता तेल सोडणं मला सर्वांत घातक वाटतं. वरून नळी चकाकते आणि तेलाच्या थराखाली लोखंड खात राहतं. पूर्वी तोफेत दोन बारांच्या मध्ये ओला बोळा फिरवत, तो आत राहिलेली ठिणगी विझावी आणि काजळी निघावी म्हणून. पाण्याला तेव्हाही पर्याय नव्हता.

बार काढला त्याच दिवशी धुवा. आधी केप, म्हणजे घोडा आपटून ठिणगी देणारी छोटी टोपी, काढून टाका, मग नळीत गज (दारू ठासायची कांब) सोडून तो पूर्ण बुडापर्यंत, म्हणजे नळीच्या बंद टोकापर्यंत, जातो का ते पाहा. रिकाम्या नळीत गज किती आत जातो याची खूण त्यावर करून ठेवलेली असावी. गज खुणेच्या वर अडला तर आत बार भरलेला आहे असं समजायचं आणि धुणं तिथेच थांबवायचं. नळी रिकामी असल्याची खात्री झाली की निपल, म्हणजे केप बसते ती भोकाची नळकांडी, काढा. कड्या सोडवून नळी लाकडी दस्त्यापासून वेगळी करता आली तर उत्तम, कारण लाकडाखाली शिरलेलं पाणी लवकर सुकत नाही. नळीचं बूड कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून गजाला चिंधी बांधा आणि वरखाली ओढा. चिंधी पाणी आत खेचते, बाहेर फेकते. सडक्या अंड्यासारखा वास येईल, तो गंधकाचा. पाणी दोन-तीनदा बदला. उकळतं पाणी वापरणारेही आहेत. त्याने नळी झटकन सुकते, पण तापलेल्या उघड्या लोखंडावर लगेच तांबूस पापुद्राही धरतो, म्हणून मी कोमटच घेतो.

मग कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत. त्यानंतर शिवणयंत्राचं तेल, आतून, बाहेरून आणि निपलच्या आट्यांवरही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवा. ती तांबूस आली तर परत धुवा.

बुडाकडे जास्त लक्ष द्या. बाराचा सर्वांत मोठा दाब तिथेच येतो आणि गंजाचे खड्डेही तिथेच लपतात. खड्ड्यात ठिणगी दडली तर पुढची दारू ओतताना पेट घेऊ शकते. खंडेनवमीला फुलं वाहिलेली कितीतरी हत्यारं मी आतून खाल्लेली पाहिली आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तर मग कित्येक दिवस हात लावता येत नाही. ती देण्याआधी तर धुतलीच पाहिजे.

पुढच्या वेळी ठासण्याआधी आतलं तेल चिंधीने पुसून घ्या आणि मोकळ्या दिशेला नळी धरून रिकाम्या बंदुकीवर एक केप उडवा, म्हणजे निपलचं भोक मोकळं होतं. तेलाने भिजलेली दारू पेटत नाही, किंवा उशिरा पेटते. घोडा पडून बार निघाला नाही तर निदान मिनिटभर नळी माणसांपासून दूर धरून थांबा, मगच केप बदला.