१९७६ च्या सेसनाचे पॅनेल बदलताना: माझा अनुभव

पेनसिल्व्हेनियातील एका छोट्या विमानतळावरून मी १९७६ सालचे सेसना १७२एम हे चार आसनी विमान विकत घेतले, तेव्हा त्याचे इंजिन आणि सांगाडा उत्तम स्थितीत होता, पण पॅनेलवर, म्हणजे वैमानिकासमोरच्या उपकरणांच्या फळीवर, मात्र वेगवेगळ्या दशकांत वेगवेगळ्या मालकांनी बसवलेली उपकरणे शेजारी शेजारी नांदत होती. आयएलएस, म्हणजे धावपट्टीकडे उतरण्यासाठी जमिनीवरून येणारे मार्गदर्शक संकेत, घेऊ शकणारा केएक्स १५५ रेडिओ, रडारला विमानाचा कोड आणि उंची कळवणारा केटी ७६ए हा जुना ट्रान्सपाँडर, ज्याची जमिनीवरील स्थानके एकेक करून बंद होत चालली आहेत असा एडीएफ हा रेडिओ दिशादर्शक आणि इंजिनावरील व्हॅक्यूम पंपाने फिरणारे, कल आणि दिशा दाखवणारे दोन जायरो, एवढा त्याचा संसार होता. मला हे विमान न्यू जर्सीत, घराजवळच्या सेंट्रल जर्सी रीजनल विमानतळावर ठेवायचे होते, आणि तिथूनच सगळ्या निवडीला सुरुवात झाली.

हा विमानतळ न्यूयॉर्क परिसरातील मोठ्या विमानतळांभोवती आखलेल्या ३० सागरी मैलांच्या वर्तुळात येतो. अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून अशा वर्तुळात, तसेच साधारणपणे १०,००० फुटांच्या वर, उडणाऱ्या विमानावर एडीएस-बी आउट असणे बंधनकारक आहे. म्हणजे विमानाने उपग्रहांवरून काढलेले स्वतःचे स्थान, उंची आणि वेग साधारण दर सेकंदाला प्रक्षेपित करत राहिले पाहिजे. हे उपकरण नसलेल्या विमानाला एखाद्या उड्डाणापुरती आगाऊ परवानगी मागता येते, परंतु रोजच्या वापराचा तो मार्ग नव्हे. पूर्वीच्या मालकाचा विमानतळ या वर्तुळाबाहेर असल्यामुळे त्याने हा खर्च कधी केलाच नव्हता, आणि काम पूर्ण होईपर्यंत विमान तिथेच ठेवण्याची मुभा त्याने मला दिली.

नियमापुरते समाधान सोपे होते. यूएव्हिऑनिक्स या कंपनीचा टेलबीकन शेपटीवरील दिव्याच्या जागी बसतो, जुन्या ट्रान्सपाँडरचे संकेत टिपून त्यातून कोड आणि उंची घेतो आणि ९७८ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करतो. पॅनेलला हातही न लावता काही तासांत काम होते. जो वैमानिक फक्त स्वच्छ हवामानात, नजरेच्या भरवशावर आणि अमेरिकेच्या हद्दीतच उडतो, त्याने तो खुशाल घ्यावा असे माझे मत आहे. माझ्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची परवानगी, असल्यामुळे ढगांतून उड्डाण करणे हा माझ्या वापराचाच भाग आहे, ९७८ ची व्यवस्था अमेरिकेबाहेर चालत नाही, आणि मुख्य म्हणजे त्या उपायात जुना ट्रान्सपाँडर तसाच पुढे चालू राहिला असता. पॅनेल उघडायचेच असेल तर ते एकदाच उघडावे, असे विमानाची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकने पहिल्याच भेटीत सांगितले होते, आणि पुढे अंदाजपत्रके हातात आली तेव्हा त्याचे म्हणणे किती खरे होते ते कळले, कारण मजुरीचा आकडा उपकरणांच्या किमतीच्या जवळपास जात होता.

कंपन्यांची माहितीपत्रके वाचत बसलो असतो तर पॅनेलभर पडदेच बसवले असते. त्याऐवजी मी आधी माझी खरी उड्डाणे कोणती हे लिहून काढले. वसंत आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावर खाली उतरून बसणारे ढग, त्यांतून वर जाऊन बॉस्टन किंवा व्हर्जिनियाच्या दिशेने दोन-तीन तासांचा प्रवास आणि परतताना पुन्हा त्याच ढगांतून खाली येणे, हा माझा नेहमीचा क्रम आहे. हिवाळ्यात ढगांमध्ये बर्फ धरण्याचा धोका असतो आणि या विमानाला त्यापासून संरक्षण नाही, म्हणून तेव्हा मी ढगांत जात नाही. दुसरे काम म्हणजे पुण्याहून पाहुणे आले की त्यांना हडसन नदीवरून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवायला नेणे. तिथे नदीवर कमी उंचीचा एक पट्टा असा आहे की त्यात नियंत्रण कक्षाशी बोलावे लागत नाही, प्रत्येकाने ठरलेल्या वारंवारतेवर आपले स्थान स्वतः पुकारायचे असते, आणि आजूबाजूला हेलिकॉप्टरांची सतत ये-जा असते. ही यादी समोर ठेवल्यावर प्रत्येक उपकरणाला मी एकच प्रश्न विचारू लागलो: ढगात असताना हे बंद पडले तर माझ्याकडे काय उरते?

या प्रश्नाने पहिला बळी व्हॅक्यूम पंपाचा घेतला. या कोरड्या पंपाच्या आतील कार्बनच्या पात्या झिजत जातात आणि एके दिवशी काहीही पूर्वसूचना न देता तुटतात. त्यानंतर कृत्रिम क्षितिज दाखवणारा जायरो लगेच थांबत नाही. त्याची गती मंदावत जाते, क्षितिज हळूहळू कलू लागते, आणि ढगात बाहेरचे काही दिसत नसताना त्या कलण्यावर विश्वास ठेवणारा वैमानिक विमानही तसेच कलवतो. उपकरण ठळकपणे मेले तर निभावता येते, पण ते खोटे बोलू लागले तर फार कठीण जाते. म्हणून दोन्ही जायरो, पंप आणि त्यांच्या नळ्या काढून त्या जागी गार्मिन कंपनीची दोन जी५ उपकरणे बसवायची हे ठरले: वरचे विमानाचा कल दाखवणारे आणि खालचे दिशा दाखवणारे. वरचे बंद पडले तर खालचे त्याचे काम उचलते, आणि विजेचा पुरवठा गेला तर प्रत्येकाच्या मागची बॅटरी चार तासांपर्यंत चालते. माझ्या विमानाची इंधनक्षमता पाहता चार तास म्हणजे पुष्कळ झाले.

जीआय २७५ हा त्याच कंपनीचा दुसरा पर्याय गोल आहे, जुन्या भोकात सुबक बसतो आणि जुन्या रेडिओंशी थेट जोडताही येतो, तर जी५ ला त्यासाठी वेगळा जोडणीचा डबा लागतो. तरीही त्याची बॅटरी साधारण तासभराचीच असल्यामुळे, आणि किमतीतील फरकामुळे, मी जी५ वर थांबलो. एका जाणकार मित्राने संपूर्ण पॅनेलभर एकच मोठा पडदा घेण्याचा आग्रह धरला होता. तो पडदा दिसायला देखणाच असतो, पण माझ्या विमानात वेग आणि उंची दाखवणारी जुनी गोल उपकरणे कोणत्याही विजेशिवाय, केवळ हवेच्या दाबावर पन्नास वर्षे बिनतक्रार चालत आली आहेत, आणि त्यांना निवृत्त करण्याचे कारण मला सापडले नाही.

दिशादर्शनासाठी गार्मिनचेच जीपीएस १७५ घेतले. अनेक जुन्या विमानांत आजही दिसणारे जीएनएस ४३० वापरलेल्या स्थितीत मिळत होते, परंतु १९९८ साली बाजारात आलेल्या त्या उपकरणाचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत, तेव्हा नव्या वायरिंगचा खर्च करून जुना डबा बसवणे मला पटले नाही. जीपीएस १७५ मध्ये डब्ल्यूएएएस ही उपग्रहीय सुधारणा आहे, जिच्यामुळे एलपीव्ही पद्धतीने धावपट्टीकडे उतरताना आडव्या दिशेबरोबर उतरणीचा कोनही मिळतो, आणि अनेक ठिकाणी जमिनीपासून २०० ते २५० फुटांपर्यंत ढगात खाली येता येते. अमेरिकेत अशा चार हजारांहून अधिक उतरणी प्रसिद्ध झालेल्या आहेत, आणि त्यातल्या कित्येक अशा छोट्या विमानतळांवर आहेत जिथे आयएलएसची महाग यंत्रणा कधीच आली नसती. भारतात इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली गगन ही व्यवस्था याच जातीची आहे. गुडघ्यावरच्या टॅबलेटवरही नकाशा आणि स्थान सुरेख दिसते, पण ढगातील दिशादर्शनासाठी नियम प्रमाणित उपकरणच मागतो आणि टॅबलेट तसा नसतो. शिवाय उन्हात तापला की तो स्वतःहून बंद होतो, हे वेगळेच.

जीपीएस १७५ मध्ये व्हीओआर, म्हणजे जमिनीवरील दिशादर्शक रेडिओ स्थानके, किंवा आयएलएसचा रेडिओ नाही, आणि केएक्स १५५ काढून टाकावा असे एका दुकानाने सुचवले होते. मी तो ठेवला. एफएए व्हीओआर स्थानकांची संख्या कमी करत असली तरी एक किमान जाळे मुद्दाम टिकवून ठेवले जात आहे. त्यामागचा हिशेब असा की उपग्रहांचे संकेत गेले तरी ५,००० फूट उंचीवरील विमानाला व्हीओआरच्या आधारे १०० सागरी मैलांच्या आत उतरण्याजोगा विमानतळ गाठता यावा. जीपीएसचे संकेत एखाद्या भागात चाचणीसाठी मुद्दाम बिघडवले जाणार असल्याच्या सूचना इथे नियमित निघतात. सरकार ज्या कारणासाठी ते जाळे सांभाळते आहे, त्याच कारणासाठी मी तो रेडिओ सांभाळला.

ट्रान्सपाँडरच्या बाबतीत खरी ओढाताण झाली. जीएनएक्स ३७५ या एकाच डब्यात दिशादर्शक आणि एडीएस-बीचा ट्रान्सपाँडर दोन्ही मिळतात, पॅनेलमध्ये जागा वाचते आणि मजुरीही कमी होते. परंतु तो डबा बंद पडला तर दोन्ही एकदम जातात. वेगळा जीटीएक्स ३३५ हा ट्रान्सपाँडर घेतला तर तो आपले स्थान जीपीएस १७५ कडूनच घेतो, त्यामुळे दिशादर्शक गेल्यावर एडीएस-बीचे स्थानही जाते हे खरे, पण ट्रान्सपाँडर रडारला कोड आणि उंची सांगत राहतो आणि जमिनीवरचा नियंत्रक मला दिशा देऊ शकतो. एवढ्या फरकासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का यावर माझ्या मेकॅनिकचे आणि माझे आजही एकमत नाही. एडीएस-बी इन, म्हणजे इतर विमाने आणि हवामान दाखवणारी बाजू, मी पॅनेलमध्ये न घेता टॅबलेटला जोडलेल्या छोट्या सुट्या रिसीव्हरवर सोपवली. हडसनवर ती फार उपयोगी पडते. हवामानाच्या रडारचित्राबद्दल मात्र एक इशारा पक्का लक्षात ठेवावा लागतो: चित्रावर लिहिलेल्या वयापेक्षा ते प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटे जुने असू शकते, असे अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात चौकशी मंडळाने वैमानिकांना कळवलेले आहे. त्या चित्रावरून वादळ दुरून टाळता येते, दोन वादळांमधली फट शोधता येत नाही.

अंदाजपत्रके मी तीन दुकानांकडून मागवली. एकाने सगळ्याचा मिळून एकच आकडा पाठवला आणि तपशील मागितल्यावर उत्तर देणेच बंद केले. ज्याला काम दिले त्याने प्रत्येक ओळ वेगळी लिहिली होती: अँटेना नव्या की जुन्या, त्यांच्या केबली बदलणार की नाही, मेलेल्या वायरी काढणार की नुसत्या कापून बांधणार, काम झाल्यावर प्रत्यक्ष वायरिंगचा आराखडा देणार की नाही. शेवटचे दोन मुद्दे मी आग्रहाने घातले होते, कारण पॅनेलमागे पाहिले तेव्हा पिढ्यान् पिढ्या डागडुजी झालेल्या वाड्यातल्या विजेच्या तारांसारखा गुंता होता आणि कोणती तार कुठे जाते हे कोणालाच सांगता येत नव्हते. वेळ मिळेपर्यंत कित्येक महिने थांबावे लागले, पण चांगल्या दुकानांची रीतच तशी आहे.

प्रत्येक उपकरण माझ्या मॉडेलच्या मंजूर यादीत आहे ना हे आधी तपासले गेले, फेरफाराचा ३३७ क्रमांकाचा अर्ज भरला गेला, विमानाच्या पुस्तिकेला पुरवण्या जोडल्या गेल्या आणि वजन व समतोल नव्याने मांडला गेला. पंप, जायरो आणि एडीएफ गेल्यामुळे रिकामे वजन थोडे उतरले. उंचीमापक आणि ट्रान्सपाँडरची दर २४ महिन्यांनी करावी लागणारी चाचणीही त्याच वेळी उरकली. जी५ ला दिशा कळवणारा पंखातील चुंबकीय संवेदक सर्वांत हट्टी निघाला. दिवे, फ्लॅपची मोटर, रेडिओ असे एकेक चालू करून त्याचा दिशादर्शक विचलित होतो का हे पाहिले गेले, आणि एका दिव्याची तार दुसऱ्या मार्गाने न्यावी लागली.

आणखी एक चाचणी मी स्वतः उभे राहून पाहिली. जीपीएसची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ आहे. तिला १३ ने भागले तर सुमारे १२१.१९ आणि १२ ने भागले तर सुमारे १३१.२९ येते, म्हणून बोलण्याचा रेडिओ १२१.१७५ किंवा १३१.२७५ च्या आसपास लावून बटण दाबले की त्याचे उपस्वर, म्हणजे त्या वारंवारतेच्या पटीतल्या लहरी, थेट जीपीएसच्या अँटेनात शिरू शकतात आणि स्थान हरवू शकते. बटण अर्धा मिनिट दाबून धरले, पडद्यावरच्या उपग्रह-संकेतांच्या पट्ट्या हलल्या नाहीत, तेव्हाच मी बिलावर सही केली.

विमान न्यू जर्सीत आणल्यावर वर्तुळाच्या आत अर्ध्या तासाहून अधिक उडून एफएएकडून एडीएस-बीच्या कामगिरीचा अहवाल मागवला; तो विनामूल्य मिळतो आणि त्यात चूक असेल तर लाल रंगात दिसते. अहवाल स्वच्छ आला. विमा कंपनीला नवे मूल्य कळवताना मात्र दलालाने स्पष्ट सांगितले की विमान विकायला काढले तर यातला निम्मा खर्च परत आला तरी नशीब समजा. ऑटोपायलटचा विषय तूर्त बाजूला आहे. गार्मिनचा जीएफसी ५०० हा ऑटोपायलट माझ्या मॉडेलसाठी मंजूर आहे आणि तो जी५ शी जोडता येतो, म्हणून दुकानदाराने त्याच्या तारांसाठी जागा राखून ठेवली आहे. तोवर लांबच्या ढगाळ प्रवासाला मी दुसऱ्या वैमानिकाला सोबत घेतो.