सहा हजार आरपीएमला व्हॉल्व्ह मिटतो का?

गाडी २००४ ची शेव्हरले सिल्व्हराडो पिकअप, दोन दरवाज्यांची, आखूड हौद्याची. आत ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन. मालक दर उन्हाळ्यात ती मिशिगनमधल्या मिलान ड्रॅगवे या शर्यतीच्या पट्टीवर पाव मैल पळवायला नेतो. मी डेट्रॉईटजवळच्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनांचं हेडकाम, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात त्या वरच्या भागाचं काम, करतो. तो आमच्याकडे आला तेव्हा पुरता वैतागलेला होता. आदल्या वर्षी त्याने दुसऱ्या एका गॅरेजात मोठा कॅम, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बसवून घेतला होता. गाडी जागेवरून झकास उठायची, पण साडेपाच हजार आरपीएम (मिनिटाला फेरे) ओलांडले की तिचा दम संपायचा. प्लग झाले, कॉइल झाल्या, फ्युएल पंपही बदलून झाला. तरी वेळ १४.२ सेकंद आणि शेवटच्या रेषेवर वेग ताशी ९७ मैल, त्यापुढे गाडी जाईना.

डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवली. ५,६०० पर्यंत आलेख सरळ वर जात होता आणि तिथून पुढे करवतीच्या दातांसारखा खालीवर होत कोसळत होता. स्पार्क किंवा पेट्रोल कमी पडलं की इंजिन सहसा वेगळं वागतं. मला पहिला संशय स्प्रिंगांचा आला.

कॅम व्हॉल्व्ह उघडतो. मिटवायचं काम एकट्या स्प्रिंगचं असतं, हे कॅम विकत घेताना फार थोड्यांच्या लक्षात येतं. ६,००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. इंजिन ५,००० वरून ६,५०० वर नेलं की व्हॉल्व्ह, स्प्रिंगवरची टोपी म्हणजे रिटेनर, आणि कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे टॅपेट, पुशरॉड, रॉकर या सगळ्यांना माघारी आणायला जवळजवळ १.७ पट जोर लागतो. तो जोर स्प्रिंगकडे नसला, तर टॅपेटचा रोलर कॅमवरून सुटतो. मग ती मोकळीक हायड्रॉलिक टॅपेट तेलाने भरून काढतो, व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे मिटताना टेकायच्या कड्यावर, पूर्ण बसतच नाही आणि कॉम्प्रेशन निसटून जातं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी सीट घासायला शिकलो, तिथली पंपाची डिझेल इंजिनं दिवसभर पंधराशेवर चालायची. स्प्रिंगची अशी परीक्षा तिथे कधी लागली नव्हती.

व्हॉल्व्ह कव्हर काढलं. एका सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून पाहिलं, तर सगळ्यांत पातळ पातीसुद्धा अडकत होती. वेटोळी एकमेकांवर आपटून घासलेली, कडा आरशासारख्या चकचकीत. स्प्रिंगा कारखान्यातूनच आलेल्या होत्या. मूळ कॅम व्हॉल्व्ह साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास उचलतो. नव्या कॅमच्या उंचवट्यावर ८.२ मिलिमीटर उचल होती आणि या इंजिनाचे रॉकर १.७ पटीचे, म्हणजे व्हॉल्व्हवर १३.९. एवढ्या उचलीसाठी ती स्प्रिंग बनलेलीच नाही. टेस्टरवर बसवलेल्या उंचीला, म्हणजे ४५.७ मिलिमीटरला, बहुतेकींचा दाब साठ-पासष्ट पौंड भरला. आमचे जुने मशिनिस्ट आकडे बघून एवढंच म्हणाले, "याने आजवर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला नाही, हे नशीब." मलाही तेच वाटत होतं, आणि रागही आला होता. कॅमचे पैसे घ्यायचे आणि स्प्रिंगा जुन्याच सोडायच्या, ही गिऱ्हाइकाच्या इंजिनाशी केलेली बेईमानी आहे.

हेड न उतरवता स्प्रिंगा बदलल्या. यात घाई चालत नाही. पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, क्रँकवरचा पाना आठवणीने काढून घ्यायचा, कारण हवा सोडली की क्रँक झटक्यात फिरतो आणि पाना हात मोडू शकतो. मग प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवायचा. स्प्रिंग दाबली की तिला व्हॉल्व्हशी अडकवून धरणारी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी दोन लॉकं सुटतात, ती चुंबकाने उचलायची. त्याआधी हेडमधली तेल परतायची सगळी भोकं चिंध्यांनी बुजवून घ्यायची. लॉक खाली गेलं तर ऑईल पॅन उतरवायची वेळ येते.

नव्या स्प्रिंगा दुहेरी घातल्या, एकीच्या आत एक. बसवलेल्या उंचीला दाब १३० पौंड. दाब वाढला की पुशरॉड लवतो, म्हणून तेही जाड भिंतीचे घेतले. लांबी मात्र कॅटलॉगवरून नाही घेतली. मापाच्या पुशरॉडने आठही सिलिंडरांना तपासून टॅपेटचा प्रीलोड, म्हणजे तो आत किती दाबलेला राहतो ते, दीड-दोन मिलिमीटरमध्ये बसवला. रॉकर हातात धरून हलवले तर दोन खिळखिळे लागले. या रॉकरच्या बेअरिंगमधल्या बारीक सुया पिंजऱ्यात नसतात, बेअरिंग फुटलं की त्या थेट इंजिनात सांडतात. सोळाही रॉकरांना ब्राँझचे बुश घातले. या कामाला मालक आधी तयार नव्हता, खर्च वाढत होता. एक सुई त्याच्या तळहातावर ठेवली, तेव्हा तो हो म्हणाला.

डायनोवर आता आलेख ६,१०० पर्यंत चढत गेला आणि तिथून सावकाश उतरला. गिअर बदलायची वेळ ट्यूनमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या सेटिंगमध्ये, ६,३०० वर नेली.

मिलानला मीही गेलो. हिरवा दिवा लागला, पहिला गिअर, दुसरा, आणि जिथे आवाज फाटायचा तिथून गाडी तशीच खेचत पुढे गेली. मालकाने वेळेची स्लिप आणून दिली. पहिल्या ६० फुटांची वेळ जवळपास जुनीच होती, शेवटचा वेग ताशी १०२ मैल आणि एकूण १३.७ सेकंद. सगळा फायदा पट्टीच्या दुसऱ्या निम्म्यात झाला होता, म्हणजे जिथे व्हॉल्व्ह मिटत नव्हते तिथेच.

त्याने लगेच विचारलं, "६,८०० वर नेऊ या?" मी नको म्हणालो. या कॅमची ताकद ६,१०० ला संपते, पुढे नुसतं इंजिन ताणलं जाईल. पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कॉनरॉडचे बोल्टही कारखान्याचेच आहेत. त्यापेक्षा इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर बदल, पहिल्या ६० फुटांत वेळ मिळेल. आणि त्याआधी गाडी एकदा आमच्याकडे आण. नव्या स्प्रिंगांचा दाब सुरुवातीला थोडा उतरतो, तो किती उतरला ते मला मोजायचं आहे.