टाईम ऑफिसच्या खिडकीवरचा जून

चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं इंट्रानेट, म्हणजे कंपनीची आतली वेबसाइट, नव्याने करायचं काम आमच्याकडे आलं. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं होतं: कामगार ते वापरत नाहीत, होमपेज जरा आकर्षक करून द्या. जुनं होमपेज मी पाहिलं. वर अध्यक्षांचा संदेश, खाली परदेशातल्या मुख्यालयातल्या कार्यक्रमाचे फोटो, डावीकडे खात्यांची यादी: एचआर, फायनान्स, अ‍ॅडमिन, आयटी, ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा). नुसते रंग बदलून यात काही फरक पडणार नव्हता. मी एचआर मॅनेजरांकडे टाईम ऑफिसमध्ये, म्हणजे कामगारांची हजेरी-रजा बघणाऱ्या ऑफिसात, एक दिवस बसायची परवानगी मागितली.

"तिथे काय बघणार मॅडम? तिथे नुसती खिडकीवर गर्दी असते," ते म्हणाले. मला ती गर्दीच बघायची होती.

दिवस जूनचा होता, आणि चाकण पट्ट्यात जूनला वेगळंच महत्त्व. आळंदी-देहूच्या पालख्या निघायच्या असतात, गावाकडे पेरणी तोंडावर आलेली असते, मुलांच्या शाळा सुरू होतात. त्यातच १५ जूनपर्यंत कंपनीने फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या आयकराचा दाखला, द्यायचा असतो. पहिली पाळी सुटून दुसरी आत येते तेव्हा खिडकीसमोर रांग लागली. आत बसलेले काका तिथे अनेक वर्षं होते, समोर रजिस्टर आणि कॉम्प्युटर दोन्ही उघडं. मी त्यांच्या बाजूला वही घेऊन बसले आणि येणारा प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहीत गेले.

"काका, पीएल किती शिल्लक आहे?" "वारीला जायचंय, सी-ऑफ जोडून मिळेल का?" "मागच्या महिन्याची ओटी का नाही लागली?" "पोराच्या अ‍ॅडमिशनला पगार स्लिप मागतायत." "फॉर्म सोळा आला का?" "मंचरची बस उद्यापासून कुठून सुटणार?" (पीएल म्हणजे साठलेली पगारी रजा, सी-ऑफ म्हणजे सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाची बदली सुट्टी, ओटी म्हणजे ओव्हरटाईम.)

यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इंट्रानेटवर होतं. पीएल शिल्लक 'एचआर'मध्ये 'एम्प्लॉयी सेल्फ सर्व्हिस'च्या आत, ओटी 'फायनान्स'मध्ये, बसचं वेळापत्रक 'अ‍ॅडमिन'मध्ये पीडीएफ म्हणून. पण बस कुठून सुटते हे शोधणाऱ्याला ती कुठलं खातं चालवतं हे आधी ठाऊक असावं, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे.

खिडकीपासून दहा पावलांवर टचस्क्रीनचा किऑस्क उभा होता. मशीन शॉपमधले एक पन्नाशीचे गृहस्थ रांग सोडून तिकडे गेले, मी आणि आयटीतला एक मुलगा मागे उभे राहिलो. त्यांनी हात पँटला पुसले, पण बोटांवर कूलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, ओलसरपणा होता, स्क्रीन दोनदा दाबल्यावर तिसऱ्यांदा चालली. 'एम्प्लॉयी आयडी' विचारला तर त्यांनी बिल्ल्यावरचा चार आकडी टोकन नंबर घातला. सिस्टीमला पुढे शून्यं लावलेला आठ आकडी नंबर हवा होता. आयटीतल्या मुलाने शून्यं सांगितली. मग पासवर्डची मुदत संपलेली. 'रिसेट' दाबलं तर इंग्रजीत संदेश आला: तुमच्या अधिकृत ईमेलवर लिंक पाठवली आहे.

"माझा ईमेल आहे का हो कंपनीत?" त्यांनी आम्हालाच विचारलं.

आयटीतला मुलगा जागेवर गेला आणि दहा मिनिटांत परत आला. नावावरून पत्ता आपोआप तयार झालेला होता, पण त्यामागे मेलबॉक्सच नव्हता. शॉप फ्लोअरवरच्या कुणाचाच नव्हता. मुदत एकदा संपली की त्यांना आत जायचा रस्ताच उरत नव्हता. तो मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, हे मी आज रात्रीच वर कळवतो." मोबाईलवर ओटीपी पाठवायचं पुढे मंजूर झालं ते त्याच्यामुळे. असा एक माणूस आयटीत असला की निम्मं काम सोपं होतं.

दुसरी अडचण मला सर्चच्या नोंदींत सापडली. लोक देवनागरीत 'सुट्टी', 'रजा' शोधत होते आणि निकाल शून्य येत होता, आणि तेही मराठी परिपत्रकांचा ढीग तिथे असताना. ती परिपत्रकं युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेली होती. डोळ्यांना 'सुट्टी' दिसते, पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे भलतीच अक्षरं असतात. काही तर सही-शिक्क्यासह स्कॅन केलेली, म्हणजे नुसती चित्रं. मराठी कामगारांच्या कारखान्यात मराठीतली माहितीच सापडू नये, याचा मला त्या दिवशी खरोखर संताप आला. चालू असलेली सगळी परिपत्रकं पुन्हा युनिकोडमध्ये टाईप करून घ्यायची, ही अट मी प्रस्तावात सगळ्यात वर घातली.

मग कार्ड सॉर्टिंग, म्हणजे मेनूची मांडणी वापरणाऱ्यांकडूनच लावून घेणं. खिडकीवरचे प्रश्न एकेका चिठ्ठीवर लिहून कँटीनमध्ये जेवणानंतर टेबलावर मांडले आणि सांगितलं, जे एकत्र असावं असं वाटतं ते एकत्र ठेवा आणि गठ्ठ्याला नाव द्या. मॅनेजरांनी विचारलं, पाच माणसं पुरेत ना? वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी याचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० साली पाच जण पुरतात असं जे सांगितलं, ते वेबसाइट वापरून बघण्याच्या चाचणीबद्दल. कार्ड सॉर्टिंगला त्यांनीच पुढे पंधरा सुचवले आहेत. आम्ही पंधरा बसवले, तिन्ही पाळ्यांतले.

गठ्ठ्यांना नावं पडली: 'पैशाचं', 'सुट्टीचं', 'घरच्यांचं', 'गाडी-जेवण'. 'घरच्यांचं'मध्ये मेडिक्लेम कार्ड, पीएफचं नॉमिनेशन आणि मुलांच्या अ‍ॅडमिशनला लागणारा दाखला एकत्र आले. जुन्या खात्यांच्या यादीत हे तीन ठिकाणी विखुरलेले होते. एका फिटरने मेडिक्लेमची चिठ्ठी 'पैशाचं'मधून उचलली आणि म्हणाला, "ही इथं नको. बायको दवाखान्यात असताना माणूस पैशाचं नाही शोधत." टेबलाभोवती कुणी वाद घातला नाही.

तीच चार नावं मेनूत गेली, जशीच्या तशी. 'गाडी-जेवण' हे फार घरगुती वाटतं अशी हरकत आली. मी अडून बसले आणि काकांनी बैठकीत माझी बाजू घेतली. लॉगिनला टोकन नंबर, बटणं मोठी, आणि जूनमध्ये फॉर्म १६ व पीएल शिल्लक पहिल्याच पडद्यावर. अध्यक्षांचा संदेश एक पान आत गेला.

एक गोष्ट मात्र अजून लढवायची आहे. त्या रांगेत कंत्राटी कामगारही होते. त्यांचा पगार ठेकेदार काढतो, म्हणून कंपनीच्या सिस्टीममध्ये त्यांना लॉगिनच नाही, पगार स्लिप दूरच. तूर्त त्यांच्यासाठी बस, कँटीन, सुट्ट्यांची यादी, सुरक्षेच्या सूचना आणि पीएफची शिल्लक मिस्ड कॉलने कशी बघायची, एवढी पानं लॉगिनशिवाय उघडी करून घेतली. ठेकेदारांच्या पगार स्लिपा तिथे आणायचा प्रस्ताव एचआरच्या टेबलावर आहे आणि मी त्याचा पाठपुरावा करते आहे.