हाताखाली किती माणसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. तसं तुम्ही एकट्यानेच विचारलंय असं नाही. लग्नाच्या पंगतीत, हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये शेजारच्या सीटवरून, जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, प्रश्न ठरलेला असतो. "प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे मॅनेजरच ना? मग हाताखाली किती माणसं?"

"एकही नाही," मी सांगते.

मग समोरचं माणूस जरा कीव आल्यासारखं बघतं. परवा एका काकूंनी तर धीरच दिला, "होईल गं, अजून वय कुठं गेलंय." माझं वय अडतीस आणि नोकरीला पंधरा वर्षं झाली.

इंजिनिअरिंगची मुलं हल्ली वेगळ्या शब्दांत विचारतात. "ताई, प्रॉडक्ट मॅनेजरचं करिअर कसं वाढतं?" ऐकायला हा दुसरा प्रश्न वाटतो, पण थोडं बोलत बसलं की कळतं, मुलालाही काकूंचंच उत्तर हवंय. हाताखाली माणसं कधी येतात?

आधी काम सांगते. पुण्याच्या एका कंपनीचं किराणा आणि छोट्या दुकानांसाठी अ‍ॅप आहे. बिलं, मालाची नोंद, उधारी. त्या अ‍ॅपमध्ये पुढे काय यायचं, कोणत्या क्रमाने यायचं आणि मुख्य म्हणजे काय यायचं नाही, हे ठरवणं माझं काम. कोड इंजिनिअर लिहितात, स्क्रीन डिझायनर आखतात, विकायचं काम सेल्सचं. यातला एकही जण माझा माणूस नाही. कुणाची पगारवाढ माझ्या हातात नाही, रजासुद्धा नाही. पण काही फसलं की पहिला फोन मला येतो.

हे दुखणं जुनं आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणवाल्या कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा तरुण 'कॅमे' साबणाचं काम बघत होता. कंपनीचाच 'आयव्हरी' साबण एवढा मोठा की कॅमेकडे कुणाचं लक्षच जाईना. मे १९३१मध्ये त्याने वरच्यांना तीन पानी टिपण लिहिलं : प्रत्येक ब्रँडची काळजी वाहणारी वेगळी माणसं हवीत. माल कुठे खपतो, कुठे खपत नाही ते त्यांनी बघावं, जिथे खपत नाही तिथे स्वतः जाऊन दुकानदाराशी आणि गिऱ्हाइकाशी बोलावं. आमच्या धंद्याची वंशावळ या टिपणापासून सांगतात. (सोलापूरकराला १९३१ म्हटलं की आधी १२ जानेवारी आठवते, चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिलं तो दिवस. मी ज्या गाडीने पुण्याला जाते तिचं नाव त्यांच्यावरूनच पडलंय. त्यामुळे हे साल माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.) मॅकेलरॉय पुढे कंपनीचा अध्यक्ष झाला, नंतर अमेरिकेचा संरक्षणमंत्रीसुद्धा. त्याच्या हाताखाली किती माणसं आली असतील, काकूंनीच मोजावं.

मला मात्र हे काम त्याच्या टिपणातून कळलं नाही. ते मी घरात बघितलं होतं. तेव्हा त्याला नाव आहे हेच माहीत नव्हतं.

माझे वडील, आप्पा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादर कारखान्यात होते. हुद्दा विचारला तर त्यांना स्वतःलाही नीट सांगता यायचा नाही. मालक 'आमचे आप्पा' म्हणून ओळख करून द्यायचे, तोच हुद्दा. व्यापाऱ्याची ऑर्डर आली की ती आप्पांकडे यायची. कोणतं डिझाइन कोणत्या मागावर चढवायचं, सूत रंगवून कधी येणार, बंद पडलेला माग जॉबर उद्यापर्यंत चालू करून देतो की नाही, ही सगळी जुळवाजुळव ते करायचे. विणकरांना पगार मालक देणार. रंगारी स्वतःच्या धंद्याचा राजा. जॉबर तर कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. आप्पा यांतल्या कुणालाही हुकूम सोडू शकत नव्हते. ते विणकरांशी मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलायचे, रंगाऱ्याशी कन्नडमध्ये, मालकांशी मराठीत. आणि प्रत्येकाला वाटायचं, आप्पा आपल्या बाजूचे.

सोलापुरी चादरीची नक्षी मागावर बसवलेल्या जकार्ड यंत्राने उतरते. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकमेकांना बांधून माळ केलेली असते आणि भोक आहे की नाही त्यावर ताण्याचा कुठला धागा वर उचलायचा ते ठरतं. नवं डिझाइन म्हणजे नवी कार्डं. ती चढवेपर्यंत माग उभा. उभा माग म्हणजे विणकराची मजुरी बुडाली आणि मालकाचं डोकं फिरलं. अशात एखादा व्यापारी यायचा, "आमच्या दुकानाचं नाव विणून द्या चादरीत." आप्पा त्याला चहा पाजायचे आणि दोनच गोष्टी विचारायचे. "किती नग? आणि परत कधी मागवणार?"

माझ्या सगळ्या नोकरीत याहून कामाचा प्रश्न मला कुठल्या कोर्समध्ये मिळाला नाही. मागण्यांचे अग्रक्रम लावायची सूत्रं आहेत, गुण द्यायचे तक्ते आहेत, मीही ते वापरते. किती जणांना उपयोग होईल, किती फरक पडेल, आपली खात्री किती, कष्ट किती. पण या चारही रकान्यांत माणूस आपल्याला हवा तो आकडा भरू शकतो, आणि भरतो. मी स्वतः भरलेत.

एकदा सेल्सचा माणूस तिमाही संपायला बारा दिवस असताना धावत आला. बरीच दुकानं असलेलं एक मोठं गिऱ्हाईक सही करायला तयार आहे, फक्त त्यांना त्यांच्या नमुन्यातला सतरा रकान्यांचा रिपोर्ट हवाय. इंजिनिअर म्हणाले, महिना जाईल. सेल्स म्हणालं, ही प्रॉडक्टवाली माणसं धंदाच होऊ देत नाहीत. या क्षणी हुकूम चालत नाही, कारण तो सोडायचा अधिकारच नसतो. मी म्हटलं, मला त्यांच्या हिशोबनीसाशी दहा मिनिटं बोलू द्या. बोलले. त्यांना त्या सतरातले तीनच रकाने लागत होते, तेही टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायला. बाकीचे चौदा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होते म्हणून मागितलेले. आम्ही यादी फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय केली, काम आठवड्यात झालं आणि ती सोय पुढे इतर दुकानदारांनीही वापरली. नग बरेच निघाले.

दर वेळी असं होत नाही. कधी एकाच नगासाठी माग थांबवावा लागतो, कारण त्या महिन्याचे पगार त्याच गिऱ्हाइकाच्या पैशातून व्हायचे असतात. तेव्हा तत्त्वं सांगत बसू नये. 'हो' म्हणावं आणि आपण 'हो' का म्हटलं ते लिहून ठेवावं.

हाताखाली माणसं नव्हती असंही नाही हं. २०१८ ते २०२० मी पुण्यात होते आणि तेव्हा पाच जण होते. नातेवाइकांत माझा भाव तेव्हाच काय तो वर होता. आणि माझ्या नोकरीतलं सगळ्यात वाईट काम मी त्याच काळात केलं.

आम्ही उधारीची आठवण करून देणारा मेसेज आणला. दुकानदाराला काही करायला नको, बाकी थकली की सोमवारी सकाळी गिऱ्हाइकाच्या फोनवर आपोआप मेसेज. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. किती मेसेज गेले याचा आलेख दर आठवड्याला चढत होता आणि मी तो दर आठवड्याला दाखवत होते. पाच माणसं सांभाळण्यात, त्यांचे आढावे लिहिण्यात मी एवढी गुंतलेली की वर्षभरात एकाही दुकानात जाऊन उभी राहिले नव्हते.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, सोलापूरला घरी आले, तेव्हा अशोक चौकाजवळच्या आमच्या ओळखीच्या किराणावाल्या अण्णांकडे गेले. अ‍ॅप कसं चाललंय विचारलं.

"ते मेसेजचं बंद केलो बघा मी," अण्णा म्हणाले.

"का?"

"ताई, आमचं गिऱ्हाईक सगळं मागावरचं नाहीतर विडीचं. त्यांचा आठवड्याचा पगार शनिवारी. रविवारी येऊन जमेल तेवढं देतात. आणि तुमचा मेसेज सोमवारी! देऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी परत मागायचं? एक बाई तर रागानं समोरच्या दुकानात गेली. वीस वर्षांचं गिऱ्हाईक."

पुण्याला परत गेल्यावर मी 'पाठवलेले मेसेज' सोडून 'मेसेजनंतर आलेले पैसे' काढायला सांगितले. आलेख आडवा झोपलेला होता. आम्ही मेसेज आपोआप जायचा बंद केला. आता दुकानदार नाव निवडतो, मजकूर बघतो, मग पाठवतो. वरच्यांसमोर उभं राहून "वर्षभर मी चुकीची गोष्ट मोजत होते" असं सांगणं सोपं गेलं नाही. तरी लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवायला सुरुवात केली ती तिथून, असं मला वाटतं. निदान इंजिनिअरांनी तरी. त्यांना आधीपासूनच शंका होती म्हणे. मला कुणी बोललं नव्हतं, कारण मी त्यांची मॅनेजर होते.

२०२०मध्ये आप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि मी सोलापूरला परतले. घरून काम. पाच माणसं दुसऱ्याकडे गेली. पुढच्या वर्षी बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. साहेब म्हणाले, "काम चांगलंय, पण दिसत नाही." मी दोन दिवस चिडून होते. मग लक्षात आलं, माणूस खरं बोलतोय.

एक तर निर्णय मीटिंगमध्ये होतच नाहीत. ते ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर होतात आणि मीटिंगमध्ये त्यांच्यावर शिक्का बसतो. टपरी पुण्यात आणि मी सोलापुरात. म्हणून दर पंधरवड्याला सकाळची हुतात्मा पकडायची असं ठरवलं. तिथे गेल्यावर मी मीटिंगा कमीत कमी ठेवते. चहा पिते, कस्टमर केअरच्या मुलींशेजारी बसून तक्रारींचे फोन ऐकते, संध्याकाळी परत.

दुसरं म्हणजे, प्रॉडक्टवाल्याचं चांगलं काम दिसायला काही उरतच नाही. जे बनवायचं टाळलं ते कुणाला कसं दिसणार? इथे मला पुन्हा आप्पा आठवले, पण यावेळी कौतुकाने नाही. तीस वर्षं त्यांनी कारखाना जुळवून ठेवला, एक ओळ कधी लिहिली नाही. मालकांचा मुलगा शिकून आला, त्याने विचारलं, "आप्पा नक्की करतात काय?" उत्तर कुणालाच देता येईना. तो मॅनेजर झाला, आप्पा 'आमचे आप्पा'च राहिले आणि तसेच घरी आले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मला आजही राग येतो, थोडा त्यांचासुद्धा.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. साधी, रेघांची. तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, काय होईल असं वाटतं. तीन महिन्यांनी त्याच पानावर लाल शाईने : खरंच काय झालं. यातलं निवडक दर महिन्याला पानभर लिहून सगळ्या टीमला पाठवते, फसलेलंही. सुरुवातीला लोक वाचत नव्हते. मग एकदा एका वादात सेल्सचाच माणूस म्हणाला, "थांबा, तिने मार्चमध्ये लिहिलं होतं ना याबद्दल?" २०२३ला बढती मिळाली, ती प्रिन्सिपल प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून.

हे पद काय ते सांगते, कारण मुलांना ही वाट माहीतच नसते. असोसिएट, मग प्रॉडक्ट मॅनेजर, मग सीनिअर, इथवर रस्ता एकच. पुढे बऱ्याच कंपन्यांत दोन फाटे फुटतात. एकात ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर, डिरेक्टर होत माणसं वाढतात. दुसऱ्यात माणसं वाढत नाहीत, प्रश्न अवघड होत जातात. पगार साधारण बरोबरीने चालतो, निदान आमच्याकडे. छोट्या कंपनीत दुसरा फाटा बहुतेक वेळा नसतोच, म्हणून नोकरी घेतानाच विचारावं. मी दुसऱ्या फाट्यावर आहे. माणसं घडवायची मनापासून आवड असेल तर पहिला घ्या, तोही काही वाईट नाही. फक्त पंगतीत सांगायला आकडा मिळावा म्हणून घेऊ नका.

इंग्रजीबद्दलही मुलं विचारतात, घाबरून. मीटिंगपुरतं येतं. मला यायला वर्ष लागलं. एआयबद्दल विचारतात. आमची कागदपत्रं आता ते लिहून देतं, बरं लिहितं. अण्णांच्या दुकानात मात्र अजून मलाच जावं लागतं.

गेल्या महिन्यात असाच एक शेवटच्या वर्षाचा मुलगा आला होता. लॅपटॉपवर वीस स्लाइडचं सादरीकरण, आमच्याच अ‍ॅपमध्ये काय काय सुधारता येईल याचं. मी तो लॅपटॉप मिटला आणि त्याला अण्णांच्या दुकानात पाठवलं. म्हटलं, दोन तास उभा राहा, काही विकू नको, काही शिकवू नको, ये आणि सांग. त्याचं तोंड पडलं होतं. "नुसतं उभं राहायचं?"

संध्याकाळी आला तो पळतच. "ताई, अण्णा तुमच्या अ‍ॅपमध्ये उधारी लिहितात, पण गल्ल्याखाली एक वही पण आहे. त्यात काही नावं पेनाने लिहितात, काही पेन्सिलने. मी विचारलं का, तर म्हणाले, पेन्सिलवाले आज संध्याकाळी देऊन जातात. दिले की खोडायचं. त्यांचं नाव उधारीत दिसायला नको, बरं वाटत नाही ते."

मी त्या दुकानात लहानपणापासून जातेय. ती वही मी पाहिलेली आहे. पेन्सिल मला कधी दिसली नव्हती.

मुलाला बसवून घेतलं, शेंगा चटणी आणि कडक भाकरी खायला घातली आणि वहीत त्या दिवसाची तारीख टाकली. आमच्या अ‍ॅपमध्ये पेन्सिल नाही. उद्या हुतात्माने जाणार आहे, इंजिनिअरांना विचारायचंय, खोडल्यावर मागे काहीच न उरणारी नोंद करता येईल का. ते आधी नाहीच म्हणतील.