पुणे ते बेळगाव गाडी ठरवताय? आधी विचारा, हीच गाडी शेवटपर्यंत येणार का

सीमाकर आम्ही भरला आणि ज्या गाडीसाठी भरला तिने सीमा ओलांडलीच नाही. खरं तर एवढं एक वाक्य सांगायलाच बसले आहे. परवा रात्री परत आलो, कंबर अजून जागेवर नाही, तेव्हा सूर जरा चढा लागला तर समजून घ्या.

नणंदेच्या मुलीचं लग्न, मार्गशीर्षात, बेळगावात. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. पुणे-हुबळी वंदे भारत बघितली होती. सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे, सातारा-सांगली-मिरज करत बेळगावला जाते, पण आठवड्यातून तीनच दिवस, आणि आमचा दिवस नेमका त्यात नव्हता. बसला सासूबाई तयार होत्या, मी नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ कंडक्टरला भाषेवरून मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस हद्दीवरूनच माघारी फिरत होत्या, ते डोक्यात पक्कं बसलेलं. वर सामानात रुखवताच्या अनारशांचे दोन पत्र्याचे डबे. म्हणून खासगी गाडी, दारापासून दारापर्यंत, वारजे ते टिळकवाडी.

जाऊन-येऊन गाडी का नाही केली, असं लग्नात तिघांनी विचारलं. हिशोब करून बघा. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, गाडी चालो वा मांडवाबाहेर उभी राहो. तीन दिवसांचे झाले ९००. पुणे-बेळगाव एका बाजूने साधारण ३४०, म्हणजे दोन्ही मिळून ६८०. वरच्या २२० किलोमीटरचे पैसे गाडी धूळ खात उभी असल्याचे, शिवाय रोजचा ड्रायव्हर भत्ता. एका दिवसात परतायचं नसेल तर एकेरीच परवडतं. पण लबाडीही एकेरीतच जास्त चालते.

फोनवर ठरलं: एर्टिगा, एकेरी, ₹७,८००. "सगळं धरून, मॅडम." या "सगळं" शब्दाचा अर्थ मी विचारला नाही, ही माझी चूक. पुण्यात राहून हे कळू नये म्हणजे कमाल आहे.

सहाची गाडी सातला दहा कमी असताना आली. ड्रायव्हर पोरगेलासा, बोलायला चांगला, पण डोळे लाल. रात्री मुंबई विमानतळाची ट्रिप करून थेट आमच्याकडे आला होता, आणि हे त्यानेच खेड शिवापूरच्या टोलवर जांभई देत सांगितलं. नवरा पुढे बसून हद्दीपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला, आयपीएलपासून ऊसदरापर्यंत. तुम्हीही विचारून घ्या: आदल्या रात्री ड्रायव्हर कुठे होता? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा मागा. लाजायचं कारण नाही.

साताऱ्यात सीएनजीची रांग. पाऊण तास. सीएनजीची गाडी म्हणजे डिकीत सिलिंडर, हे मला माहीत होतं, पण गाडी टाकी भरून का आणली नाही, हा प्रश्न त्याला विचारल्यावर "पुण्यात रांग होती ताई" असं उत्तर मिळालं. त्याची रांग आमच्या वेळेतून. डिझेलची गाडी मिळत असेल तर पाचशे जास्त द्या.

आणि मग शेंद्रे.

साताऱ्याच्या पुढे शेंद्र्यापासून कागलपर्यंत सुमारे १३० किलोमीटर सहापदरीकरणाचं काम चाललंय, आणि किती वर्षं चाललंय हे त्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला विचारा, तो हसतो. पुण्याहून साताऱ्यापर्यंत खंबाटकीचा घाट सोडला तर काही वाटत नाही. शेंद्र्यानंतर मात्र तुम्ही हायवेवरून जातच नाही. तुम्ही जाता बाजूच्या सेवारस्त्यावरून. पूल उभा राहतोय म्हणून खाली उतरा, शंभर मीटर वर चढा, पुन्हा खाली. वळणाची पाटी वळण संपल्यावर दिसते. कराडजवळ मलकापूरला उड्डाणपुलाच्या खाली आम्ही पस्तीस मिनिटं उसाच्या ट्रॅक्टरच्या मागे होतो. दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, आणि प्रत्येक खड्ड्यात वरची मोळी सरकत होती. सासूबाई मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी दाबून बसल्या होत्या. प्रत्येक आदळीला आतून खुळखुळ आवाज. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त एकदा म्हणाल्या, "पाच तरी गेले."

माझं स्पष्ट मत: गळीत हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, हा पट्टा अंधारात करू नका. गूगल काय वेळ दाखवतं ते सोडून द्या. त्याने आम्हाला सहा तास सांगितले होते, आम्ही नऊ तासांनी पोचलो. निघायचंच तर पहाटे पाचला, म्हणजे कराड उजेडात आणि गर्दीच्या आधी. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचं पाणी हायवेवर येऊन रस्ता बंद झाला होता, पुढे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेनेही तेच केलं. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या माणसाला फोन केल्याशिवाय घर सोडू नका.

किणी टोल जवळ आला तशी ड्रायव्हरची झोप उडाली. "ताई, कर्नाटकचा टॅक्स भरायला लागंल. नऊशे." सगळं धरून होतं ना? "सगळं म्हणजे बॉर्डरपर्यंतचं. पुढचे दोन टोल आणि टॅक्स पार्टीचा." पार्टी म्हणजे आम्ही. ऑफिसला फोन लावला तर तिकडूनही तेच, "मॅडम, तो सरकारी टॅक्स आहे, आम्ही काय करणार?" टोलचे चारशे, करांचे नऊशे, ड्रायव्हर भत्ता पाचशे. मागे उन्हात सासूबाई, शेजारी उलटीला आलेलं पोर. नवऱ्याने फोनवरून पैसे पाठवले. अशा वेळी माणूस पाठवतोच, आणि हे लोक तीच वेळ निवडतात. पुण्यात निघताना नाही मागत, किणीला मागतात.

कागल आलं. दूधगंगेच्या पुलापलीकडे कर्नाटक, कोगनोळीचा टोल अगदी समोर. आणि आमचा गडी पुलाच्या अलीकडे एका धाब्यापाशी गाडी बाजूला घेऊन म्हणतो, "इथून पुढं दुसरी गाडी येतीय."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं: या गाडीला पलीकडे जायचं परमिटच नाही. मग नऊशे रुपये कसले भरले? "ते त्या गाडीचे." दुसरी गाडी पन्नास मिनिटांनी आली. केए-२३, निपाणीकडचं पासिंग, म्हणजे कर्नाटकचीच. कर्नाटकच्या गाडीला कर्नाटकात शिरायला कसला आलाय टॅक्स! वर ती डिझायर, एर्टिगापेक्षा लहान, तिच्याही डिकीत सिलिंडर, आणि पाटी पांढरी. खासगी गाडी. चार बॅगांपैकी दोन आमच्या मांडीवर आल्या. नवीन ड्रायव्हर मात्र तोंडाचा गोड. "बसा की वहिनी, दोन तासांत टिळकवाडी. आणि कुणी विचारलं तर पाव्हणं हाय म्हणून सांगायचं."

सासूबाई पहिल्यांदा जोरात बोलल्या, "पाव्हण्याकडून पैसे घेतात होय तुमच्याकडे?"

तो हसला. आम्ही बसलो. बसायला नको होतं. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे, आणि वाटेत काही झालं तर विमा कंपनी प्रवाशांच्या बाबतीत हात वर करू शकते. पण दुपारचे सव्वादोन, धाब्यावर बसायला एक प्लास्टिकची खुर्ची, आणि पलीकडे लग्नघर. तुम्ही काय केलं असतं?

आता जे घरी बसून करता येतं ते सांगते, कारण हद्दीवर काहीच करता येत नाही. टॅक्सीकडे ऑल इंडिया टूरिस्ट परमिट असेल तर प्रत्येक राज्याच्या हद्दीवर वेगळा कर भरत बसायला लागू नये, याचसाठी केंद्राने २०२१ मध्ये हे परमिट ऑनलाइन देण्याची पद्धत आणली. परमिट तीन-तीन महिन्यांच्या पटीतही घेता येतं, त्यामुळे बरेच छोटे गाडीवाले हंगाम बघून घेतात, मधे खंड पडतो, आणि त्या खंडात तुमची ट्रिप सापडते. म्हणून "परमिट आहे ना?" असं विचारू नका, "आहे" असंच उत्तर येतं. परमिटचा फोटो मागा आणि मुदतीची तारीख वाचा. परमिट नसेल तर त्या राज्याचा कर परिवहनच्या संकेतस्थळावर भरतात, आणि पावतीवर गाडीचा नंबर आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे छापलेलं असतं. पावती तुमच्या फोनवर आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आमच्या नऊशेची पावती मी तीनदा मागितली. पहिल्यांदा रेंज नव्हती, दुसऱ्यांदा साहेब जेवायला गेले होते, तिसऱ्यांदा माझा नंबर ब्लॉक.

गाडीचा नंबरही आदल्या संध्याकाळीच घ्या आणि एम-परिवहन अ‍ॅपवर टाका. गाडीचा वर्ग, फिटनेस, विमा तिथे दिसतो. पाटी पिवळी हवी. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत सरळ एक ओळ लिहून घ्या: हीच गाडी, हाच ड्रायव्हर, घरापासून घरापर्यंत, टोल-कर-भत्त्यासह इतके रुपये. उत्तरादाखल नुसता अंगठा आला तर पुरे नाही, "हो" लिहायला लावा. पुण्यातून बेळगावला जाताना खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, कोगनोळी आणि हत्तरगी असे सहा टोल लागतात. सहाही नावं त्या ओळीत घाला. शेवटचे दोन हद्दीपलीकडचे, आणि "सगळ्यात" तेच बसत नाहीत. चारशे घेतले, आणि येताना परतीच्या गाडीवाल्याने फास्टॅगचे मेसेज दाखवले तेव्हा त्या दोघांचे मिळून अर्ध्याच्या आसपास निघाले.

तारखेचंही बघा. एक नोव्हेंबरला तिकडे कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस एकाच दिवशी असतो, त्या दिवशी एमएच पाटी घेऊन जाण्याची हौस करू नये. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावच्या सुवर्णसौधात भरतं. आम्ही गेलो तेव्हा तेच चालू होतं, हॉटेलं भरलेली आणि रस्त्यावर पोलीसच पोलीस. नणंदेच्या घरी राहायचं होतं म्हणून निभावलं.

लग्न छान झालं. कुंदा आणला आहे.

परत येताना नणंदेच्या शेजाऱ्यांनी बेळगावचीच गाडी सांगितली. केए-२२, पिवळी पाटी, ₹८,५००. मी तोंड उघडायच्या आत ड्रायव्हरने परमिट, विमा आणि स्वतःचं लायसन्स असे तीन फोटो पाठवले. सात तासांत वारजे, वर एक रुपया नाही. जाताना आमचे ₹९,६०० गेले होते, दोन गाड्यांत मिळून. त्यामुळे माझा सल्ला: बेळगावात ओळखीचं कुणी असेल तर जातानाचीही गाडी तिकडूनच बोलवा. पुण्यात पाहुण्यांना सोडायला आलेली तिकडची गाडी रिकामी परत जातच असते, एक दिवस मागेपुढे करायची तयारी ठेवली की मिळते.

अनारसे मोजले. एकशे एक नेले होते, अठ्ठ्याहत्तर आख्खे उतरले. रुखवतात सासूबाईंनी ते असे रचले की तुटलेले खाली गेले, आणि विहीणबाईंनी नेमका खालचाच उचलला.